पार्श्वभूमी : अर्धशिशीचा पाठ प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत

सांगली जिल्ह्यात जत किंवा आटपाडीकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डोक्याला फडके घट्ट आवळून बसलेली बाई आली, की केसपेपरवर बहुतेकदा 'डोकेदुखी' एवढा एकच शब्द पडतो. रक्तदाब पाहिला जातो, वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि महिन्याभरात ती पुन्हा आली, तर मिरजेला जाऊन स्कॅन करून घेण्यास सांगितले जाते. स्कॅनमध्ये काही निघत नाही, कारण अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही. ती रुग्णाच्या हकिकतीतून ओळखायची असते. प्राथमिक सेवेतील डॉक्टरांना डोकेदुखी ओळखण्याचा पाठ आता ऑनलाइन दिला जातो. त्याची गरज का पडली, याचे उत्तर ही हकिकत ऐकायला कधीच पुरेसे शिकवले गेले नाही, यात आहे.

आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या 11 शिरोरोगांत अर्धे डोके फोडणारा अर्धावभेदक आहे आणि दिवस चढेल तसा वाढून दुपारनंतर उतरणारा सूर्यावर्तही आहे. आयुर्वेदाचे पदवीधर ग्रामीण भागात मोठ्या संख्येने काम करतात, त्यामुळे हा पाठ त्यांच्यासाठी कोऱ्या पाटीवरचा नाही. मात्र ही जुनी नावे आजच्या निदानांशी एकास एक जुळत नाहीत, हेही सांगावे लागते.

आधुनिक वैद्यकातही एकमताने मान्य झालेले निकष फार उशिरा आले. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने 1988 मध्ये पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याची तिसरी आवृत्ती 2018 ची आहे. तिच्यानुसार वलयाविना (म्हणजे डोळ्यांपुढे चमकण्यासारख्या पूर्वलक्षणांविना) होणाऱ्या अर्धशिशीसाठी किमान पाच झटके आलेले असावेत आणि उपचार न केल्यास दुखणे 4 ते 72 तास टिकावे. एका बाजूस दुखणे, ठणका, मध्यम किंवा तीव्र वेदना आणि चालण्या-चढण्याने त्रास वाढणे यांपैकी दोन गोष्टी असाव्यात. शिवाय मळमळ किंवा उलटी तरी असावी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हावेत. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. 2003 मध्ये तर मळमळ, उजेडाचा त्रास आणि कामात खंड या तीनच प्रश्नांची चाचणी मांडली गेली. दोन उत्तरे 'हो' आली, तर अर्धशिशीची शक्यता मोठी. जे ज्ञान प्रश्नांत मावते, ते दूरवरून शिकवणे सोपे असते.

तरीही ते शिकवले गेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या अहवालानुसार जगभरातील पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षणात डोकेदुखीला सरासरी अवघे 4 तास मिळत होते. सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींपैकी एका तक्रारीला एवढाच वेळ मिळावा, हे चमत्कारिकच म्हणावे लागेल. 2004 मध्ये सुरू झालेल्या डोकेदुखीविरोधी जागतिक मोहिमेने 2007 मध्ये खास प्राथमिक सेवेसाठी मार्गदर्शक साहित्य काढले, ते याच उणिवेवर उपाय म्हणून.

आपल्याकडे ज्ञान मिरजेत साठत गेले. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये तेथे रुग्णालय उभारले, 1897 मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, 1962 मध्ये शासकीय महाविद्यालय आले आणि रुग्णाने मिरजेला जायचे, हा रिवाज रुजला. 2003 मध्ये न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी याच्या उलट वाट धरली : रुग्ण जागेवर राहील आणि तज्ज्ञाचे ज्ञान व्हिडिओद्वारे गावच्या डॉक्टरांपर्यंत जाईल. त्यांचा विषय हिपॅटायटिस सी होता. पुढे ही पद्धत इतर आजारांसाठीही वापरली गेली. भारतात 2020 मधील टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे आणि ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ला सेवा यांमुळे पडद्यावरचा सल्ला सवयीचा झाला. पाच वर्षांत 30 तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत होतीच. ओपीडी सोडून परिषदेला जाणे मात्र एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला परवडत नाही.

अडचण आहे ती परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलण्याची. त्यात 2018 पासून वापरात आलेल्या झटके टाळण्यासाठीच्या महागड्या प्रतिपिंड-इंजेक्शनांना बरीच जागा असते. इथल्या केंद्राला प्रोप्रॅनोलॉल किंवा अॅमिट्रिप्टिलिन हे झटके टाळणारे जुने औषध नीट देता आले, तरी बरेच साधेल. त्याहून महत्त्वाचा आहे गोळ्यांचा हिशेब. साधी वेदनाशामके महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अथवा एकाहून अधिक औषधांच्या मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या औषधांमुळेच डोके दुखू लागते. किराण्याच्या दुकानातून गोळी आणणाऱ्या बाईला महिन्यात किती दिवस गोळी घेता असे विचारले, तर ती 'रोज नाही हो' म्हणते. पाकिटे किती संपली असे विचारले, की बोटांवर मोजू लागते.