भोरड्या मोजायच्या कशाला?

हुरड्याच्या दिवसांत मामाच्या शेतावर मुक्काम असला की गोफणीच्या आवाजानेच जाग येते. माजलगावकडची काळी जमीन, दाण्यावर आलेली ज्वारी आणि तिच्यावर उतरणारे भोरड्यांचे थवे. यंदा मी बांधावर बसून थवा मोजत होतो. शंभर पाखरांचा एक तुकडा नजरेने धरायचा आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहायचं. आकडा मोबाईलमध्ये टाकला, तर पक्ष्यांच्या नोंदी घेणारं ईबर्ड ॲप म्हणालं, संख्या फार मोठी आहे, खुलासा लिहा.

"काय लिहायलास रे?" मामाने मचाणावरून विचारलं.

"भोरड्या."

"लिहून जातेत व्हय त्या? हाकलायला ये."

मामाचं चुकत नव्हतं. पण ती नोंद कुठे जाते, हे सांगण्यासारखं आहे. ईबर्ड अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलं, तेव्हा ते संकेतस्थळ होतं; ॲप नंतर आलं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे. मोजणारे पगारी नव्हते. असंच कुणी बांधावर, कुणी तलावाच्या काठी बसून मोजलेलं.

या नोंदी कुणालाही फुकट मिळतात. ईबर्डवर खातं उघडून, कशासाठी हव्यात ते लिहून मागायच्या. पक्ष्यांपलीकडे जायचं असेल तर जीबीआयएफ गाठायचं. सगळ्या सजीवांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या, २००१ मध्ये सुरू झालेल्या या आंतरराष्ट्रीय जाळ्याचं कार्यालय कोपनहेगनला आहे. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांपासून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर काल टाकलेल्या फोटोपर्यंत अब्जावधी नोंदी तिथे एका साच्यात बसवलेल्या असतात. शास्त्रीय नाव टाकायचं, नकाशावर आपल्या जिल्ह्याभोवती रेघ ओढायची, फाईल उतरवून घ्यायची. उतरवलेल्या प्रत्येक फाईलला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. तो निबंधात दिला की दुसऱ्या कुणालाही तीच फाईल उघडून आपलं गणित तपासता येतं. सोबतचा परवानाही वाचावा. काही नोंदी कशाही वापरता येतात, काहींना श्रेय द्यावं लागतं, काहींचा धंद्यासाठी वापर चालत नाही.

इथवर सोपं आहे. गोची पुढे होते.

मराठवाड्याचा नकाशा उघडला की ठिपके नाथसागराच्या काठाने, छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर दाटतात. मधले माळ ओस. नवशिक्याला वाटतं, तिथे काही नाही. खरं तर तिथे वही घेऊन कुणी गेलेलंच नसतं. पक्षी पाहणारी माणसं सुट्टीच्या दिवशी, गाडी जाईल तिथे आणि पाणी असेल तिथे जातात. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेल्या बरडाकडे कोण कशाला फिरकेल? लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल ही पाखरं राहतात मात्र अशाच जागी. सौर प्रकल्पाला किंवा पवनचक्क्यांना 'रिकामी' जमीन शोधणाऱ्याच्या हातात हाच ओस नकाशा पडला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून ठिपक्यांआधी मेहनत मोजावी. ईबर्डवर यादी देताना वेळ आणि अंतर लिहावं लागतं, शिवाय एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का? माझ्या मते साऱ्या प्रपंचात मोलाचा हाच. उत्तर 'हो' असेल तर यादीत नसलेला पक्षीही माहिती देतो. एका माळावर वीस पूर्ण याद्या झाल्या आणि एकीतही धाविक नाही, तर त्याला अर्थ आहे. शून्य यादीचा माळ याबद्दल काहीच सांगत नाही.

ठिपके फसवतातही. शिकारीची भीती असलेल्या प्राण्यांची जागा आयनॅचरलिस्ट मुद्दाम धूसर करतं. खवले मांजराचा ठिपका ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही टाकला जातो. आपल्याकडे ही चौकट साधारण २१-२२ किलोमीटरची भरते, म्हणजे डोंगरातलं मांजर नकाशावर उसाच्या फडात दिसू शकतं. त्या ठिपक्यावरून अधिवास ठरवला तर हसं होईल. फाईलमध्ये जागेची अनिश्चितता मीटरमध्ये सांगणारा रकाना असतो, तो आधी पाहावा.

नावांचा घोळ तर आपला घरचा. शाळेच्या पुस्तकांनी 'फॉक्स'ला कोल्हा केलं. गावात कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स ते खोकड. शहरातला पोरगा कोल्हा पाहतो, 'फॉक्स' लिहितो आणि एका जातीची नोंद दुसरीच्या खात्यात जाते. फोटो असेल तर कुणीतरी दुरुस्त करतं. शास्त्रीय नावंही स्थिर नसतात. भोरडी पूर्वी स्टर्नस रोझिअस होती, आता पास्टर रोझिअस आहे. जुन्या कागदांत शोधताना दोन्ही नावं हाताशी लागतात.

आणि जुने कागद आहेत. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९३१-३२ मध्ये, सालिम अली यांनी संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं, आणि या नियतकालिकाचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतात. नव्वद वर्षांपूर्वी काय होतं हे विचारायला यापेक्षा बरी जागा मला ठाऊक नाही.

सगळंच उघडं असावं असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्याने वाघ टिपला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तो आल्याचं कळलं. सरळ रेषेतच हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पट्टे बोटांच्या ठशांसारखे असल्याने जुन्या फोटोंशी ताडून वाघ ओळखता येतो. ते फोटो आणि कॅमेऱ्यांच्या नेमक्या जागा वनखात्याकडेच राहिलेल्या बऱ्या.

त्या सकाळी यादी बंद करताना तोच प्रश्न आला: सगळे पक्षी यादीत आहेत का? एक छोटं पाखरू राहिलं होतं. पोट काळं, सरळ वर चढायचं आणि दगडासारखं खाली यायचं. मी चंडोलांच्या चित्रांत शोधत बसलो.

"डोंबारी हाय ते," मामा म्हणाला. "दोन हायेत. मादी ढेकळामागं बसलीय, दिसंना का?"

पुस्तकातही त्याचं नाव डोंबारी चंडोलच निघालं. दोन लिहिले आणि 'हो' दाबलं.