आंभोऱ्याचं पाणी आणि नागपूरला न आलेलं शीड

आंभोऱ्याचा नवा पूल झाल्यापासून नागपूरहून रविवारी गाड्या काढून जाणाऱ्यांची रांगच लागली आहे, वर गॅलरीत उभं राहायचं, खाली पाहायचं आणि "अरे हा तर समुद्रच आहे ना बे" म्हणायचं. मग कोणीतरी हमखास विचारतो की एवढं पाणी आहे तर इथे शिडाच्या बोटी काहून नाही? गोव्यात आहे, भोपाळला आहे, आपल्याकडे नुसतं पॅडल मारायची बदकं. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे हे पाणी जुनं नाही. आंभोरा जुना आहे, तिथलं चैतन्येश्वराचं देऊळ जुनं आहे, वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम म्हणून लोक कितीतरी पिढ्या तिथे अस्थी घेऊन येतात. पण पुलावरून दिसतो तो अफाट पसारा गोसेखुर्द धरणाचं मागे तुंबलेलं पाणी आहे. धरणाचा पायाभरणीचा दगड २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते बसला आणि खऱ्या अर्थाने पाणी अडायला लागलं ते त्यानंतर वीसेक वर्षांनी. म्हणजे हा तलाव आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने लहान आहे. माझ्या मते सगळी गंमत आणि सगळा धोका इथेच आहे, पाणी मोठं झालं पण त्या पाण्याची ओळख असलेलं माणूस अजून तयार व्हायचं आहे.

मी लहान असताना मावशीच्या सासरी जायला आंभोऱ्यावरून पलीकडे भंडाऱ्याच्या बाजूला डोंग्याने जायचो. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड आतून कोरून केलेली अरुंद नाव, आत बसलं की गुडघे छातीला लागायचे आणि दोन्ही बाजूला पाणी हाताच्या अंतरावर. बुडाशी कायम थोडं पाणी साचलेलं असायचं आणि ते उपसायला डालड्याचा डबा, तो डबा हातात मिळावा म्हणून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. नावाडीकाका ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे होते, बोलायचे कमी. एकदा मी मासा दिसला म्हणून एका बाजूला वाकलो तर वल्हं न थांबवता एवढंच म्हणाले, "हालू नोको बाबू, पाणी झोपून हाये तोवर निंगून जाऊ. वावधन सुटलं का मंग मी बी तुयासारखाच." त्या वेळी हसू आलं होतं.

वावधन म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात अचानक उठणारं जोराचं वारं, ते पुढे सांगतो. आधी डोंगा.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मोठं पाणी होतंच, पण ते मामा तलावांचं. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार म्हणजे गावचा सारा भरणारे जुने जमीनदार. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळायची, कोहळी समाजाची माणसं यात वाकबगार होती, ओढा कुठे अडवायचा आणि पाळ कुठून कुठे घालायची हे त्यांना नजरेने कळायचं. नवेगावबांध हा यातला सगळ्यात नावाजलेला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. तलाव बांधणाऱ्याचा देव होतो हे मला फार आवडतं, आजकाल नुसती कोनशिला होते.

तर तलाव कोहळ्यांनी बांधले आणि त्यावर वावरले ढीवर. मासे, शिंगाडे, कमळाचे कंद, सगळं डोंग्यातून. शिंगाड्याच्या वेलात डोंगा कसा घालायचा, वेल न तुटता एका हाताने उलटून खालचे शिंगाडे कसे तोडायचे हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल की ही नाव पळण्यासाठी नव्हतीच, ती थांबण्यासाठी होती. उथळ पाणी, बांबू टेकवला की तळ लागतो, मग शिडाची गरज कोणाला? वल्हं किंवा बांबू, बस. शीड न येण्याचं पहिलं कारण हे इतकं साधं आहे.

नागपूर शहराचं बोलायचं तर शहराला तलावांची कमी कधीच नव्हती. बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास शहर वसवलं, नंतर चांद सुलतानच्या वेळचा जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर, भोसल्यांच्या काळातला तेलंगखेडी म्हणजे फुटाळा, मग १८७० चा अंबाझरी. पण हे सगळे तलाव पिण्यासाठी, बागांसाठी आणि काठावर बसण्यासाठी. नागपूरकर पाण्याकडे काठावरूनच पाहतो, हातात कणीस किंवा तर्री पोहे. शिवाय हे तलाव शिडासाठी लहान पडतात, फुटाळा साधारण ६० एकरांचा, भोवती झाडं आणि आता फाउंटनचा सगळा संसार, वारा धरेपर्यंत समोरचा काठ येतो.

मधे एकदा मात्र नागपूरचा कापूस नावेने समुद्राला जाणार होता, हे फार कमी लोकांना माहीत आहे. १८६० च्या दशकात रिचर्ड टेंपल इथले चीफ कमिशनर असताना गोदावरी, प्राणहिता, वर्धा हा जलमार्ग खुला करून विदर्भातला कापूस थेट पूर्व किनाऱ्याला न्यायची मोठी योजना चालली होती. वाटेत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे, दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी, तिथे कालवे आणि लॉक बांधायचे म्हणजे नावा पायऱ्या चढल्यासारख्या वर येतील. कामं सुरू झाली, पैसा गेला, पण १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली आणि कापूस मुंबईला जायला लागला, नदीची योजना १८७१ ला गुंडाळली. ती रेल्वे दहा-पंधरा वर्षं उशिरा आली असती तर कदाचित हिंगणघाटला बंदर असतं आणि आपल्या बोलीत नावेचे चार शब्द जास्त असते. असो.

खरं मोठं पाणी आलं ते धरणांमुळे. रामटेकजवळचा खिंडसी १९१३ च्या सुमाराचा, सूर नदीवरचा, आजही नागपूरच्या लोकांचं बोटिंग म्हणजे खिंडसीच. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी पेंचवर तोतलाडोह, शहराचं नळाचं पाणी त्याच नदीचं. तोतलाडोहला बोट म्हटलं की मासेमारीचा वाद आठवतो, मध्य प्रदेशच्या बाजूच्या ३०५ कुटुंबांच्या परवान्यांचं प्रकरण १९९७ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, जंगल राखीव झालं पण माणसं पाण्यावर जगत होती. आणि शेवटी गोसेखुर्द, ३३ दरवाजे, ११ किलोमीटरहून लांब धरण, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यातली कितीतरी गावं पाण्यात.

ही गावं पाण्यात आहेत हे बोटवाल्यासाठी महत्त्वाचं, कारण खाली झाडांचे बुंधे आहेत, घरांचे चौथरे आहेत. पावसाळ्यानंतर सगळं गुडूप आणि मे महिन्यात पाणी उतरलं की हळूहळू वर. म्हणजे तळाचा नकाशा दर महिन्याला बदलतो. शिडाच्या छोट्या बोटीला पोटाखाली एक उभी फळी असते, सेंटरबोर्ड, तिच्यामुळे बोट वाऱ्याने आडवी न सरकता पुढे जाते, ती फळी बुंध्याला अडकली की काय होईल ते सांगायला नको. आणि शिवाय जलकुंभी, घाण पाण्यावर पोसून पसरणारी तरंगती वनस्पती. नाग नदी आपल्या शहराची घाण घेऊन कन्हानला, कन्हान वैनगंगेला, म्हणजे पुलावर उभं राहून ज्या पाण्याला आपण समुद्र म्हणतो त्यात आपल्याच सिंकचं पाणी आहे.

आता वावधन. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग चढतात, पावसाबरोबर ढगातली थंड जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, त्यामुळे पाऊस अजून चार-पाच किलोमीटर लांब असतो आणि वारा आधी येऊन धडकतो. जमिनीवर टिनाची पत्रं उडतात. मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला काहीच नसतं, जितकं लांब मोकळं पाणी तितकी लाट मोठी, आणि पाणी उथळ असलं की लाट आखूड आणि उभी होते, समुद्रासारखी लांब झोक्याची नाही, एकामागे एक थपडा. दोन टेकड्यांच्या मधल्या जागी वारा अजून जोर धरतो. मामा तलावावर दहा मिनिटांत काठ गाठता यायचा, गोसेखुर्दवर मधोमध सापडलात तर काठ दिसतो पण येत नाही. जुन्या ढिवरांचं पिढ्यांचं ज्ञान त्या लहान पाण्याचं होतं, या नव्या पाण्याचे वारे कोणाच्या आजोबांनी सांगितलेलेच नाहीत.

"मानवनिर्मित तलाव आहे म्हणून शीड नाही" असं कोणी म्हणालं तर ते मात्र पटत नाही. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाचा, अकराव्या शतकातला, हैदराबादचा हुसेनसागर सोळाव्या शतकातला, दोन्ही माणसांनीच बांधलेले. सिकंदराबादला लष्कराच्या लोकांनी शीड आणलं आणि रुजवलं, भोपाळला नॅशनल सेलिंग स्कूल झालं. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथे शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने सेलिंगमध्ये सिल्वर आणलं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आपल्याकडे १८२१ पासून कामठीला छावणी आहे, पण छावणीच्या दारात कन्हान नदी होती, तलाव नव्हता. आता तलाव आहे.

फरक शिकवणीचा आहे. शिडाच्या छोट्या बोटीत उलटणं हा पहिल्या आठवड्याचा धडा असतो, लाइफ जॅकेट घालून मुद्दाम उलटवतात, मग त्या सेंटरबोर्डवर उभं राहून अंगाच्या वजनाने बोट परत सरळ करायची. डोंग्याला असं काही नाही, गोल बुड, उलटला की उलटला. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणावर ११ पोरं एका छोट्या नावेत बसली, मोबाइलवर व्हिडिओ चालू, आठ जण गेले. ती वेळ ना वावधनाची होती ना लाटांची, फक्त माणसं जास्त आणि जॅकेट शून्य. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरात घुसला, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा रबरी बोटी रस्त्यांवर फिरल्या, आमच्या ओळखीच्या एका आजींना पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून बोटीत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच बोटीत बसल्या, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्याच गल्लीत.

मागच्या हिवाळ्यात परत आंभोऱ्याला गेलो होतो. गॅलरीत गर्दी, खाली काठाला दोन डोंगे पालथे घातलेले, एक लाकडाचा आणि एक टिनाचा, बाजूला ट्रकच्या ट्यूब आणि जाळी वाळत. एका तरुण ढिवराला विचारलं की इथे शिडाची बोट आली तर चालवशील का, तर तो आधी पाण्याकडे बघून मग म्हणाला, "चालवीन ना, पण मे मधी नाही. मे मधी मी बी मधात जात नाही, कडेकडेनं जातो."