पर्टच्या फॉर्म्युल्यातले ४ आणि ६ आले कुठून?

इंजिनिअरिंगला किंवा एमबीएला ज्यांनी ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर दिलाय त्यांना पर्टचं (प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन अँड रिव्ह्यू टेक्निक, म्हणजे प्रोजेक्टला किती वेळ लागेल याचा अंदाज काढायची पद्धत) गणित आठवत असणारच. टेबलात प्रत्येक कामापुढे तीन आकडे, ऑप्टिमिस्टिक, मोस्ट लाइकली, पेसिमिस्टिक, मग मधल्याला ४ ने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, ६ ने भागायचं, कुठलं काम कशानंतर येतं त्याचं नेटवर्क काढायचं, क्रिटिकल पाथ (त्यातला कामांचा सगळ्यात लांब रस्ता) शोधायचा आणि प्रोजेक्ट अमुक आठवड्यांत संपायची शक्यता किती ते नॉर्मल टेबलात बघायचं, मिळाले मार्क. पुढे हीच पोरं हिंजवडीला नाहीतर ऐरोलीला नोकरीला लागतात आणि तिथे मॅनेजर जी एक्सेल शीट पाठवतो त्यात पण तेच तीन कॉलम. पण ४ च का आणि ६ च का हे सहसा कोणी विचारत नाही, विचारलंच तर "ते बीटा डिस्ट्रिब्युशनवरनं येतं" (म्हणजे कुठल्या वेळेची शक्यता किती ते दाखवणाऱ्या एका कर्व्हवरनं) एवढं ऐकायला मिळतं आणि विषय बंद. तसं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

ही सगळी भानगड सुरू झाली अमेरिकन नेव्हीत. १९५५ च्या शेवटी नेव्हीने स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस नावाचं वेगळं ऑफिस उघडलं आणि रिअर अॅडमिरल विल्यम रॅबॉर्न याला त्याचा प्रमुख केला, काम एकच, समुद्रातनं सोडता येईल असं बॅलिस्टिक मिसाइल. आधी आर्मीबरोबर ज्युपिटर मिसाइलवर भागीदारी होती पण त्यात द्रवरूप इंधन, आणि असलं इंधन भरलेलं मिसाइल घेऊन बंद पाणबुडीत बसायचं म्हणजे जिवावरचाच खेळ, त्यामुळे १९५६ संपता संपता नेव्ही त्यातून बाहेर पडली आणि घन इंधनावर चालणारं पोलारिस हाती घेतलं. मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि वॉशिंग्टनमध्ये एकच गडबड उडाली. पोलारिसची तारीख एकदम काही वर्षं अलीकडे ओढली गेली.

आता विचार करा, मिसाइल नवीन, पाणबुडी नवीन, पाण्याखालून दिशा ठरवायची नॅव्हिगेशन सिस्टिम नवीन, आणि हे बनवणारे कॉन्ट्रॅक्टर, सब-कॉन्ट्रॅक्टर हजारोंनी देशभर पसरलेले. वेळापत्रक बघायचं साधन काय तर गँट चार्ट, म्हणजे आडव्या पट्ट्या. पट्टीवरनं काम कधी सुरू कधी संपणार ते कळतं, पण एक काम लांबलं तर त्याच्या मागे अजून कोणाकोणाची कामं अडकणार हे त्यावर नीट दिसत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरचे रिपोर्ट तर जगात सगळीकडे एकाच छापाचे, "सगळं शेड्युलप्रमाणे चालू आहे".

स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिसमध्ये विलर्ड फेझर नावाचा माणूस होता, कामाच्या मूल्यमापनाचा विभाग त्याच्याकडे. जानेवारी १९५८ मध्ये त्याच्या पुढाकाराने एक छोटी टीम बसली, नेव्हीचे लोक, मिसाइल बनवणाऱ्या लॉकहीडचे लोक आणि बूझ अॅलन हॅमिल्टन या कन्सल्टिंग कंपनीचे माल्कम, रोझबूम आणि चार्ल्स क्लार्क. त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत पर्टचा पहिला रिपोर्ट तयार. म्हणजे आज जे पाठ्यपुस्तकात अख्खं चॅप्टर म्हणून शिकवतात ते साधारण सहा महिन्यांत, डोक्यावर डेडलाइन घेऊन जमवलेलं आहे, आणि हे ध्यानात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

साधारण त्याच काळात ड्यूपाँट केमिकल कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली हे दोघं युनिव्हॅक कॉम्प्युटरवर जवळपास तेच करत होते, त्यातून सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड) आलं. नेटवर्क तेच, लांबात लांब रस्ता शोधायची आयडिया तीच, पण सीपीएममध्ये प्रत्येक कामाला एकच वेळ. कारण ड्यूपाँटला प्लँट उभारायचे होते, प्लँट बंद करून मेंटेनन्स करायचा होता, आणि असली कामं त्यांनी आधी कितीतरी वेळा केलेली, त्यामुळे वाल्व बदलायला किती तास लागतात हे फोरमनला तोंडपाठ. नेव्हीकडे असा फोरमनच नव्हता. पाण्याखालून मिसाइल सोडायला किती महिने लागतात हे सांगणार कोण, कोणी सोडलंय आधी?

म्हणून तीन आकडे. आणि यामागे गणितापेक्षा माणसाचा स्वभाव जास्त आहे असं मला वाटतं. इंजिनिअरला एकच तारीख विचारली की तो आधीपासून भिंतीवर लागलेल्या वेळापत्रकाकडे बघतो आणि तीच तारीख परत ऐकवतो, कारण दुसरं काही बोललं तर "मग शेड्युलचं काय" म्हणून वरनं फोन येणार. तेच त्याला विचारलं की सगळं मनासारखं झालं तर किती, नेहमीसारखं झालं तर किती आणि सगळंच फिसकटलं तर किती, की तो त्या छापील तारखेपासून जरा सुटतो आणि खरं काय वाटतं ते बोलायला लागतो. टीमने १९५९ मध्ये ऑपरेशन्स रिसर्च या जर्नलमध्ये जो पेपर छापला त्यातही हा हेतू सांगितलेला आहे. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली खरी हुशारी इथे आहे, फॉर्म्युल्यात नाही.

फॉर्म्युला क्लार्कच्या वाट्याला आला. त्याच्या हातात तीन आकडे, आणि त्यातून दोन गोष्टी काढायच्या, सरासरी वेळ आणि त्यातली अनिश्चितता. पहिलं गृहीतक, कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यातलं जे अंतर त्याचा सहावा भाग म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, यालाच सिग्मा म्हणतात). का, तर नॉर्मल कर्व्हचा (घंटेच्या आकाराचा तो नेहमीचा कर्व्ह) जवळपास सगळा पसारा मध्यापासून तीन-तीन सिग्मांत मावतो, तीन इकडे तीन तिकडे, झाले ६. पण नॉर्मल कर्व्ह स्वतः इथे चालत नाही, तो दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत जातो आणि दोन्हीकडे सारखाच असतो, कामं तशी नसतात, काम दोन दिवस लवकर संपणं अवघड पण दहा दिवस लांबणं अगदी सोपं. मग असा कर्व्ह पाहिजे ज्याला दोन्ही टोकं आहेत, एकच उंचवटा आहे आणि जो एका बाजूला कलू शकतो. बीटा या वर्णनात बसतो, घेतला.

पुढची अडचण अशी की टोकं, उंचवटा आणि स्टँडर्ड डेव्हिएशन धरून बीटाची नेमकी सरासरी काढायची तर तिसऱ्या घाताचं समीकरण सोडवावं लागतं. शेकडो कामांसाठी, दर दोन आठवड्यांनी, १९५८ मधल्या साधनांवर, हे कोण करत बसणार? तेव्हा त्या उत्तरांच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी सरळ रेषा घेतली, आणि तीच आपली दोन्ही टोकं एकेकदा, मधला आकडा ४ वेळा, भागिले ६. म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनमधला ६ हा नॉर्मलवरनं उचललेला अंदाज आणि सरासरीतले ४ नि ६ हे हिशोब सोपा व्हावा म्हणून केलेली तडजोड. सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन हे दोन्ही फॉर्म्युले एकाच वेळी तंतोतंत खरे ठरतील असे बीटाचे आकार फक्त तीन आहेत, एक मधोमध उंचवटा असलेला आणि दोन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा, बाकी सगळीकडे काम चालवून घ्यायचं.

हे कोणी टीकाकाराने उकरून काढलं असंही नाही. १९६२ मध्ये क्लार्कनेच ऑपरेशन्स रिसर्चमध्ये दोनेक पानांचं टिपण लिहून सांगून टाकलं की कामांना लागणारा वेळ प्रत्यक्षात कुठल्या डिस्ट्रिब्युशनने वागतो याची माहिती आपल्याकडे नाही, आणि बीटाच बरोबर असा आपला दावाही नाही. इतका प्रांजळ माणूस! पण ते टिपण वाचलं किती जणांनी, तोपर्यंत बीटा पुस्तकांत जाऊन बसला होता.

गणितातली त्याहून मोठी गोची वेगळीच आहे आणि ती बीटाची नाहीच. समजा एका कामाचे आकडे ४, ६, १४ दिवस, सरासरी आली ७, नुसती तिन्हींची सरासरी घेतली असती (ज्याला ट्रायअँग्युलर म्हणतात) तर ८, म्हणजे फरक एका दिवसाचा, ठीक आहे. पण पर्ट काय करतं तर सरासरीने सगळ्यात लांब येणारा रस्ता धरतं आणि बाकीचे रस्ते विसरून जातं. शेजारी जवळपास तेवढाच लांब दुसरा रस्ता असेल तर? लग्नाची पंगत सगळ्यात उशिरा पोचणाऱ्या व्याह्यांसाठी थांबते, सरासरी पाहुण्यांसाठी नाही. एकमेकांशी संबंध नसलेले दोन रस्ते, प्रत्येक वेळेत संपायची शक्यता ५० टक्के, तर दोन्ही वेळेत संपायची शक्यता २५ टक्के, असे चार रस्ते असले तर ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पर्टने काढलेली तारीख ही मुळातच आशावादी बाजूला झुकलेली असते. हेही मूळ टीमला माहीत होतं, आणि बऱ्याच बदलत्या संख्यांमधली सगळ्यात मोठी कशी वागते यावर १९६१ मध्ये परत क्लार्कनेच पेपर लिहिलाय. १९६३ मध्ये व्हॅन स्लाइकने दाखवलं की याला सरळ उपाय म्हणजे मॉन्टे कार्लो, कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट हजारो वेळा खोटा खोटा पार पाडायचा आणि किती वेळा कुठली तारीख येते ते मोजायचं. तेव्हा ते महाग होतं, आज लॅपटॉपवर चहा निवायच्या आत होतं.

पण साठच्या दशकात हे ऐकायच्या मूडमध्ये कोणी नव्हतं कारण पोलारिस खरंच वेळेआधी झालं. २० जुलै १९६० ला यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन पाणबुडीने फ्लोरिडाजवळ पाण्याखालून पहिलं पोलारिस सोडलं, त्याच दिवशी दुसरंही, आणि मग काय, पर्टमुळे दोन वर्षं वाचली अशी हवा झाली. १९६२ मध्ये अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासाने मिळून पर्टमध्ये खर्चाचा हिशोब घालणारी गाइड काढली, सरकारी काम पाहिजे तर पर्ट करा असा माहोल.

दहा वर्षांनी हार्वी सापोल्स्की या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने पोलारिसवर पुस्तक लिहिलं (१९७२) आणि त्यातून वेगळंच चित्र बाहेर आलं. खुद्द प्रोजेक्टमधल्या तांत्रिक शाखांनी पर्ट फारसं मनावर घेतलं नव्हतं, कॉन्ट्रॅक्टर कुरकुरत होते, पण रंगीत चार्ट आणि कॉम्प्युटरचे रिपोर्ट बघून बाहेरच्यांना वाटायचं की इथे सगळं शास्त्रशुद्ध चाललंय, त्यामुळे अमेरिकेची संसद आणि वरिष्ठ मंडळी ढवळाढवळ करायला येत नव्हती. रॅबॉर्नला नेमकं तेच हवं होतं. तेव्हा पर्टचा उपयोग झाला नाही असं नाही, झाला, फक्त पुस्तकात सांगतात तसा नाही. ऑफिसात डॅशबोर्ड कशासाठी बनतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

तरी फॉर्म्युला टिकला. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये २००७ च्या आवृत्तीपर्यंत पर्टचा टूलबार होता आणि त्यात १-४-१ ही वजनं आपल्या मनाने बदलता यायची, अट एकच, बेरीज ६ च आली पाहिजे! २०१० मध्ये तो टूलबार काढून टाकला.

आकडे भरणाऱ्या माणसाकडे मात्र लोकांचं लक्ष जरा उशिरा गेलं. १९६८ मध्ये मोडर आणि रॉजर्स यांनी सुचवलं की "जास्तीत जास्त किती" असं विचारूच नका, शंभरातल्या टोकाच्या केसची कल्पना कोणालाच येत नाही, त्यापेक्षा वीसात एकदा होईल असं वाईट किती आणि वीसात एकदा होईल असं चांगलं किती ते विचारा, आणि मग ६ ऐवजी साधारण ३.२ ने भागा. सूचना चांगली होती पण पुस्तकाच्या फॉर्म्युल्यापुढे तिचं फार चाललं नाही. १९७९ मध्ये काहनमन आणि ट्वर्स्की यांनी प्लॅनिंग फॅलसी मांडली, म्हणजे आधीची सगळी कामं लांबली हे माहीत असूनही माणूस पुढच्या कामाला कमीच वेळ धरतो. आणि १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी तर मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जवळपास हेच तीन प्रश्न विचारले, थीसिस कधी देणार, सगळं उत्तम झालं तर कधी आणि सगळं वाईटात वाईट झालं तर कधी. सरासरी उत्तरं आली ३३.९ दिवस, २७.४ दिवस आणि ४८.६ दिवस. प्रत्यक्षात थीसिस आला सरासरी ५५.५ दिवसांनी, म्हणजे त्यांच्या वाईटात वाईट आकड्याच्याही आठवडाभर पलीकडे, तेव्हा त्या तीन आकड्यांतल्या मधल्याला ४ ने गुणा नाहीतर १० ने, ५५.५ काही येत नाही.