आतड्यातली चरबीची गाठ आणि 2 सेंटिमीटरची रेघ

मोठ्या आतड्यातल्या चरबीच्या गाठीची, म्हणजे लायपोमाची, पहिली नोंद 1757 सालची. पुढची दोनशे वर्षे ही गाठ एकतर शवविच्छेदनात सापडे, नाहीतर आतड्यात आतडे शिरून पोट उघडावे लागले की हाती येई. 1969 मध्ये न्यूयॉर्कला कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठे आतडे आतून पाहायच्या दुर्बिणीतून, तारेचा फास टाकून आणि त्यातून वीज सोडून पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेले कोंब, कापून काढणे सुरू झाले. मग लायपोमाही तसाच काढू, असे वाटणे साहजिकच होते.

ओळखायला ही गाठ सोपी. पिवळसर, गुळगुळीत, बंद चिमट्याने दाबली की उशीसारखा खड्डा पडतो, चिमटा उचलला की भरून येतो. काढणे मात्र अवघड. नेहमीचा पॉलिप अस्तरातून उगवतो, लायपोमा बहुतेक वेळा अस्तराखालच्या थरात असतो. त्यात चरबीत पाणी कमी, त्यामुळे तिच्यातून वीज नीट वाहत नाही. फास आवळूनही गाठ लवकर कापली जात नाही, म्हणून करंट जास्त वेळ द्यावा लागतो आणि ती उष्णता आतड्याच्या भिंतीत उतरते. लायपोमा जास्त करून उजव्या बाजूला, आणि भिंत सर्वांत पातळ तिथेच. आतड्याला भोके पडली, तेव्हा 2 सेंटिमीटरच्या वरच्या गाठीला दुर्बिणीने हात लावू नये, असा दंडक आला.

खरा गुंता इथे आहे. रक्त जाणे, पोटात कळा येणे हा त्रासही साधारण 2 सेंटिमीटरनंतरच सुरू होतो. म्हणजे गाठ काढायचे कारण आणि न काढायचे कारण, दोन्ही एकाच आकड्यावर! ज्याला गरज नाही त्याची गाठ दुर्बिणीने निघणार आणि ज्याला गरज आहे त्याच्या पोटावर सुरी. आकड्याइतकाच, किंबहुना जास्तच, प्रश्न गाठीला देठ आहे की ती बैठी आहे, हा होता. तो कितीतरी वर्षे मागे पडला.

कोंडी फुटली नायलॉनच्या फासामुळे. तो देठाभोवती आवळून तसाच सोडायचा. रक्तपुरवठा तुटतो, गाठ आपोआप गळते, विजेची गरजच उरत नाही. गळालेली गाठ तपासायला मिळत नाही, ही यातली उणीव. म्हणून वरचे अस्तर कापून आधी तुकडा घेतात. पुढे अस्तराखाली द्रव भरून गाठ अखंड सोलून काढण्याची जपानी पद्धतही रुळली. लहान, त्रास न देणाऱ्या गाठीला मात्र काहीच करायचे नसते. ती कर्करोगात बदलत नाही, आणि रिपोर्टवर ‘ट्यूमर’ वाचून हादरलेल्या माणसाला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.