गोव्यात नदी-जंगलाचं फील्डवर्क करायचंय? परमिट कुठलं, अर्ज कोणाला, कागद कुठले

पावसाळा सरत आला की एमएस्सी-पीएचडीच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, ताई म्हादईत पाणमांजरांचं काम करायचंय, ताई नेत्रावळीत ओहळातले मासे बघायचेत, परमिशन किती दिवसात मिळते. दिवसांचं नंतर बघू, आधी तुमचं काम नक्की कुठल्या परमिशनमध्ये बसतं ते कळलं पाहिजे, कारण बरेच अर्ज अडतात ते साहेब वाईट म्हणून नाही तर अर्जात काय करणार तेच नीट लिहिलेलं नसतं म्हणून. तीन गोष्टींवर सगळं ठरतं. जागा कुठली, तिथे नुसतं बघणार की हात लावणार, आणि तुमचा पासपोर्ट कुठला.

जागेपासून सुरू करू. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक नॅशनल पार्क आहे. भगवान महावीर आणि त्याच्या आतच मोलेचा नॅशनल पार्क, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. चोडणचं म्हणजे जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर खारफुटी, रायबंदरहून फेरी घेतली की पोचलात, आणि म्हादई-नेत्रावळी दोन्ही २०० चौरस किलोमीटरच्या वर. पण कायदा लहान-मोठं बघत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ सांगतं की अभयारण्यात परमिटशिवाय जायचं नाही, आणि कलम २८ सांगतं की चीफ वाईल्डलाईफ वॉर्डन कशासाठी परमिट देऊ शकतात, त्यात वन्यजीवांचा अभ्यास आणि सायंटिफिक रिसर्च ही कारणं स्पष्ट लिहिलेली आहेत. नॅशनल पार्कलाही हेच लागू. टुरिस्ट म्हणून गेटवर तिकीट काढून आत गेलात आणि आत जाऊन ट्रान्सेक्ट मारलात, म्हणजे ठरलेल्या रेषेवर चालत नोंदी केल्यात, तर ते चालत नाही, ते तिकीट टुरिझमचं आहे, रिसर्चचं नाही.

म्हणजे अर्ज चीफ वाईल्डलाईफ वॉर्डनच्या नावाने, गोवा वनखातं, पणजी. एकट्याच्या नावाने साध्या कागदावर पाठवू नका, कॉलेजच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर, गाईड आणि विभागप्रमुखाच्या सही-शिक्क्यासकट पाठवा. एखाद्या संस्थेतर्फे करत असाल तर संस्थेचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट पण. सोबत तीन-चार पानांचा प्रपोजल, जागांची यादी, तारखा, टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राची झेरॉक्स, विद्यार्थ्यांचं बोनाफाईड, गाडीचा नंबर, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावणार असाल तर किती आणि कुठे, आणि रिपोर्ट देईन, नियम पाळेन असं अंडरटेकिंग. दोन प्रती घेऊन जा, एकीवर इनवर्डचा, म्हणजे आवक नोंदीचा, शिक्का मारून परत घ्या आणि ती कॉपी जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक फोनला तोच नंबर विचारतात. मग अर्ज खाली डीसीएफकडे (उपवनसंरक्षक) आणि रेंज ऑफिसकडे (वनक्षेत्राचं ऑफिस) अभिप्रायासाठी जातो, वर येतो, आणि मग ऑर्डर निघते. मी स्वतः दोन-तीन महिने धरून चालते. नोव्हेंबरपासून काम करायचं तर अर्ज गणपतीच्या आधी गेलेला बरा.

जागांच्या यादीवर जरा जास्त वेळ घालवा. "म्हादई खोरं" असं लिहिलं तर कोणाला काहीच कळत नाही, खोरं तर कर्नाटकापासून पणजीपर्यंत आहे. गावाचं नाव, ओहळाचं नाव, जीपीएस, आणि ती जागा कुठल्या रेंजमध्ये येते ते लिहा. आणि एक मोठी चूक बरेचजण करतात ती म्हणजे नदी एक म्हणून परमिट एक असं धरतात. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यात, तिकडचं भीमगड अभयारण्य कर्नाटकाच्या हद्दीत, तिथे पाय ठेवायचा तर कर्नाटकाच्या वनखात्याचं वेगळं परमिट. तिळारीचंही तसंच, दोडामार्गात ती महाराष्ट्राची, खाली आली की आपली शापोरा.

अभयारण्याच्या बाहेर काय? साळ नदी वेर्ण्याहून निघून बेतूलपर्यंत जाते, वाळवंटी साखळीतून वाहते, कुशावती पारोड्यातून, इथे काठावरून पाण्याचं सँपल घ्यायला अभयारण्याचं परमिट लागत नाही. पण बाहेर म्हणजे मोकळं असं समजू नका. राखीव जंगल असेल तर त्या विभागाच्या डीसीएफची परवानगी. धरणाच्या पाण्यात, साळावली म्हणा अंजुणे म्हणा, जलसंपदा खात्याला लिहायचं, त्यांचं मुख्य ऑफिस पर्वरीला सिंचाई भवनात. होडी घेऊन मांडवी-झुवारीत यंत्र सोडणार, बॉय (पाण्यावर तरंगणारा फुगा) बांधणार तर पणजीत कॅप्टन ऑफ पोर्ट्सला पत्र द्या, मांडवी, झुवारी आणि कुंभारजुवेचा कालवा हे राष्ट्रीय जलमार्ग आहेत, बार्जेस ये-जा करतात, तुमचा दोर कोणाच्या पंख्यात अडकला तर जीवावर बेतेल.

खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या, मासळीचा लिलाव होतो, ज्याने पैसे भरलेत त्याचा तिथे हक्क असतो, त्यामुळे कुळांच्या संघटनेचं पत्र घेतलं तरी मानस घेतलेल्या माणसाला भेटल्याशिवाय जाळं टाकू नका. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची) जमीन असेल तर कोमुनिदादला पत्र. आणि देवराई! सत्तरीत बांबरची निरंकाराची राई घ्या, रानजायफळाची ती दलदल, झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली, बघितल्यावर माणूस गप्प होतो. अशा ठिकाणी कागदाआधी गाव येतं. गावकरांना भेटायचं, देवाच्या कुठल्या भागात जायचं नाही, पायात काय घालायचं नाही ते विचारायचं, आणि ते सांगतील तसंच वागायचं. ही राई सरकारने नाही, त्या लोकांनी राखली. खाली दुर्भाटला मानग्यांची, म्हणजे मगरींची, मातीची थापणी करून पूजा करतात पौष अमावास्येला, तिथल्या शेतकऱ्याला मगर कुठल्या बांधावर चढते ते तुमच्या सर्व्हेच्या आधीपासून ठाऊक आहे, त्यांच्याशी बोला.

आता हात लावण्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. कायद्यात "शिकार" म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, अंगाचा कुठलाही भाग घेणं, पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, हे सगळं त्या व्याख्येत येतं. म्हणजे कॅमेरा ट्रॅपसमोर सुकी मासळी टांगली की ते आमिष. मिस्ट नेटमध्ये (बारीक, न दिसणाऱ्या जाळ्यात) पक्षी पकडून रिंग घातली की ते पकडणं. वटवाघळाच्या पंखाचा कणभर तुकडा डीएनएसाठी घेतला तरी अंगाचा भाग. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवाचं घरटं उकरून अंडी मोजली तर ते पण. या कामाला कलम २८ पुरत नाही, कलम १२ चं परमिट लागतं, आणि प्राणी शेड्युल १ मधला (कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला) असेल तर राज्याने परमिट देण्याआधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी. मगर शेड्युल १, समुद्री कासवं शेड्युल १. बाकी शेड्युलमधल्यांना राज्य सरकारची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शेड्युल बदललीत, १ एप्रिल २०२३ पासून नवीन लागू आहेत, तेव्हा सिनियरच्या जुन्या थिसीसमधून यादी कॉपी न करता तुमचा प्राणी आज कुठे आहे ते स्वतः बघा. झाडांसाठी कलम १७ब वेगळं आहे, तिथे संरक्षित यादीतली झाडं हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) घ्यायची परवानगी मिळते.

दुसरं, "हत्यार" याच्या व्याख्येत जाळं, गळ, सुरी सगळं येतं. आपल्याला वाटतं हातजाळं म्हणजे काय हत्यार, पण अभयारण्यात ते घेऊन शिरायला लेखी परवानगी हवी, म्हणून मेथडमध्ये जाळ्याचा आकार, आसाची (जाळ्याच्या भोकाची) साईझ, किती वेळ टाकणार, मासे मोजून परत सोडणार की ठेवणार, ठेवणार तर प्रत्येक जातीचे किती, फॉर्मलिन किंवा अल्कोहोल किती नेणार आणि परत कसं आणणार, सगळं लिहा. आणि अभयारण्यातून काहीही उचलून बाहेर न्यायचं, विष्ठा, पीस, मेलेला खेकडा, तर तेही लिहिलेलं असलंच पाहिजे.

आमच्याच बाबतीत झालेलं सांगते. पाणमांजरांच्या कामाला अर्जात आम्ही "खुणांचा सर्व्हे" लिहिलं, विष्ठा गोळा करून त्यातले माशांचे खवले, खेकड्यांचे तुकडे बघणार हे आमच्या डोक्यात होतं पण कागदावर नव्हतं. तिसऱ्या दिवशी गार्डने पिशव्या बघितल्या, परमिट वाचलं आणि म्हणाला, यात गोळा करायचं लिहिलेलं नाही. बरोबरच होतं त्याचं. सँपल तिथेच ठेवली, परत अर्ज केला, परवानगी येईपर्यंत पाणी चढलं आणि तो सीझन गेला. एक ओळ लिहायची राहिली होती.

आता पासपोर्ट. हे गोव्यात फार महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे भारतीय नागरिक नसलेल्या माणसाला इथलं जैविक साधन रिसर्चसाठी घ्यायचं तर चेन्नईच्या नॅशनल बायोडायव्हर्सिटी अथॉरिटीची आधी मंजुरी लागते. आपल्याकडे कितीतरी घरात पोर्तुगीज पासपोर्ट झालेत, मुलगी इथेच वाढली, इथेच शिकली, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आहे, तरी कायद्याच्या नजरेत ती परदेशी नागरिक. शिवाय २०२१ पासून ओसीआयवाल्यांना रिसर्च करायला वेगळी खास परवानगी काढावी लागते. टीममध्ये असं कोणी असेल तर अर्जाच्या पहिल्या दिवसापासून त्याप्रमाणे चाला, लपवू नका, त्यात पूर्ण प्रोजेक्ट अडकतो. भारतीय विद्यार्थ्याला निव्वळ अभ्यासासाठी ही मंजुरी लागत नाही, पण सँपल परदेशातल्या लॅबला पाठवायचं झालं की लागते. रिसर्च पेपर छापायला हरकत नसते. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिलाही आपलं काम कळवा, गावाची जैवविविधता नोंदवही तिच्याकडे असते आणि तुमची यादी तिथे कामाला येते.

नवीन जात सापडली तर? हे स्वप्न नाही, २०१८ मध्ये गोव्यातल्याच बेडकाला फेजर्वार्या गोएमची नाव मिळालं, आणि केरीच्या मातीतला बिनपायाचा उभयचर गेजेनिओफिस गोआएन्सिस २००७ मधला. असं झालं तर नमुना घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, सरकारने नेमलेल्या रिपॉझिटरीत जमा करायचा, प्राण्यांसाठी झेडएसआय (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया), झाडांसाठी बीएसआय (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया), दोघांची केंद्रं पुण्यात आहेत, आणि समुद्रातल्यांसाठी आपलं दोनापावलाचं एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था).

ड्रोनचं थोडक्यात. वनखात्याची परवानगी वेगळी आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी वेबसाईटवर झोन बघणं वेगळं, दोन्ही हवं, आणि दाबोळी नेव्हीचा विमानतळ असल्याने त्या भागात तर विचारूच नका. सॅटेलाईटवर मेसेज पाठवणारी उपकरणं परवान्याशिवाय भारतात बेकायदेशीर आहेत, परदेशी सहकारी आणणार असेल तर विमानात बसायच्या आधी त्याला सांगा. म्हादईत मोबाईलची रेंज नसते म्हणून असलं काही वापरायचं नाही, त्यापेक्षा वाटेवरच्या घरात परतायची वेळ सांगून जा.

परमिट हातात आलं की आधी अटी वाचा, प्रत्येक ओळ. दोन प्रिंट ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर नाक्यावर सोडतीलच असं नाही. पहिल्या दिवशी आरएफओला (रेंजच्या वनअधिकाऱ्याला) भेटा, आणि दर फेरीच्या आदल्या दिवशी बीट गार्डला फोन. रात्री जायचं तर ते परमिटमध्ये वेगळं लिहिलेलं हवं, बेडूकवाल्यांनी तर नक्कीच. सत्तरीत जात असाल तर गोचिडींची काळजी घ्या, २०१५ पासून तिथे माकडतापाच्या केसेस झाल्यात, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता लगेच गार्डला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. परमिट न घेता किंवा त्याच्या बाहेर जाऊन अभयारण्यात शिकारीच्या व्याख्येत बसणारं काही केलंत तर ३ ते ७ वर्षांची शिक्षा आणि कमीत कमी २५,००० दंड आहे, विद्यार्थी आहे म्हणून वेगळं कलम नाही.

मुदत संपायच्या महिनाभर आधी एक्स्टेन्शनचा अर्ज टाका, सोबत तोपर्यंतच्या कामाचा दोन पानी रिपोर्ट. आणि शेवटचा रिपोर्ट द्यायचा राहिला असेल, कितीतरी जणांचा राहतो, तर आधी तो नेऊन द्या, कारण पुढच्या वर्षी तुमच्याच कॉलेजमधून दुसऱ्या मुलाचा अर्ज गेला की फाईल काढून हेच बघतात की मागच्यांनी दिलं का. त्याचीच एक प्रत मराठीत किंवा कोंकणीत करून पंचायतीत ठेवा, फोटोंसकट.