उगलिच

रशियाच्या यारोस्लाव्हल प्रांतातील व्होल्गाकाठचे एक लहान ऐतिहासिक शहर. मॉस्कोच्या उत्तरेस सुमारे २०० किमी. लोकसंख्या सुमारे ३० हजार. स्थानिक परंपरा शहराची स्थापना ९३७ मध्ये झाल्याचे मानते. मात्र बखरींतील पहिला उल्लेख ११४८ चा आहे. तेराव्या शतकाच्या प्रारंभी येथे स्वतंत्र संस्थान निर्माण झाले आणि पुढे ते मॉस्कोच्या सत्तेत विलीन झाले. मॉस्कोचा राजा इवान तिसरा याचा भाऊ आंद्रेई याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे विटांचा वाडा बांधला. त्याचा उरलेला भाग आजही नदीकाठी उभा आहे. त्याच्या थोडे आधी, १४६८ च्या आसपास, त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन व्होल्गेतून खाली जाताना उगलिचवरून गेला. पुढे चौल बंदरात उतरून जुन्नरला पावसाळा काढणाऱ्या या प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात उगलिचचा ओझरता उल्लेख केला आहे. १५५१ मध्ये कझान या व्होल्गाकाठच्या तातार राज्यावरील मोहिमेसाठी स्वियाझ्स्क येथे उभारायच्या किल्ल्याचे लाकडी भाग उगलिचच्या रानात तयार करून नदीतून खाली सोडण्यात आले.

तरीही रशियाच्या इतिहासात या शहराला जे स्थान आहे, ते एका दुपारच्या घटनेमुळे. रशियाचा झार इवान चौथा १५८४ मध्ये वारल्यावर त्याचा धाकटा मुलगा द्मित्री, त्याची आई मारिया नगाया आणि तिचे नातेवाईक यांना उगलिचला पाठवण्यात आले. नाव जहागिरीचे असले, तरी ही एक प्रकारची हद्दपारीच होती. मारिया ही इवानची तिसऱ्या विवाहानंतरची पत्नी होती आणि चर्चच्या नियमांना तीनपेक्षा अधिक विवाह मान्य नसल्याने या मुलाचा वारसाहक्क आधीच दुबळा होता. पण गादीवर बसलेला सावत्र भाऊ फ्योदर याला मुलगा नसल्यामुळे त्याचे महत्त्व टिकून होते. प्रत्यक्ष कारभार फ्योदरचा मेहुणा बोरिस गोदुनोव्ह पाहत होता. १५ मे १५९१ रोजी (जुन्या पंचांगानुसार) आठ वर्षांचा द्मित्री वाड्याच्या अंगणात गळ्यावर जखम होऊन मरण पावला. चर्चची घंटा घणघणली, लोक धावून आले आणि नगाया कुटुंबाने मॉस्कोचा अधिकारी मिखाइल बित्यागोव्स्की याच्यावर खुनाचा आरोप करताच जमावाने त्याला व इतर काही जणांना ठार केले.

चौकशीसाठी आलेल्या मंडळाचे प्रमुख सरदार वासिली शुइस्की होते. सुरी जमिनीत रोवण्याचा खेळ चालू असताना फेफरे येऊन मुलाने स्वतःलाच जखम करून घेतली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १६०५ मध्ये आपण वाचलेला द्मित्री आहोत असे सांगणारा एक तोतया मॉस्कोच्या गादीवर बसला, तेव्हा शुइस्कींनी त्याला खरा राजपुत्र मानले. आणि १६०६ मध्ये स्वतः झार झाल्यावर द्मित्रीचा खून गोदुनोव्हच्या आज्ञेने झाला, असे जाहीर करून त्याचे अवशेष मॉस्कोला हलवले व त्याला संतपद मिळवून दिले. एकाच माणसाने एकाच मृत्यूविषयी तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या असल्याने चौकशीच्या कागदपत्रांवर किती भरवसा ठेवावा, हा वाद इतिहासकारांत आजही मिटलेला नाही.

दंगलीची शिक्षा मात्र शहराला तत्काळ मिळाली. मारियाला सक्तीने जोगीण केले गेले, अनेकांना देहदंड झाला आणि कितीतरी कुटुंबे सायबेरियातील पेलिमला धाडण्यात आली. लोकांना जमवणारी घंटाही सुटली नाही: परंपरेनुसार तिला फटके मारले, तिचा लोलक व एक कान (अडकवण्याची कडी) काढला आणि तिला सायबेरियातीलच तोबोल्स्कला हद्दपार केले. नगरवासीयांच्या प्रयत्नांनी ती १८९२ मध्ये परत आली. मूळ घंटा तोबोल्स्कच्या आगीत वितळली असावी, असेही मत आहे. परत आणलेली घंटा सध्या १६९२ मध्ये मृत्यूच्या जागी बांधलेल्या, लाल भिंतींच्या व निळ्या घुमटांच्या द्मित्री चर्चमध्ये ठेवलेली आहे.

पोलिश-लिथुआनियन फौजांनी १६०९ ते १६११ या काळात उगलिचची राखरांगोळी केली. त्यातून सावरताना उभ्या राहिलेल्या वास्तूंपैकी अलेक्सेयेव्स्की मठातील १६२८ चे तीन निमुळत्या शिखरांचे चर्च इतके देखणे आहे, की लोक त्याला ‘दिव्नाया’, म्हणजे ‘अद्भुत’, म्हणतात. नंतरच्या दोन शतकांत उगलिच हे साधे तालुक्याचे व्यापारी गाव राहिले.

सोव्हिएत काळात १९३५ पासून येथे धरण व जलविद्युत केंद्राचे काम सुरू झाले, त्यासाठी मोठ्या प्रमाणावर कैद्यांचे श्रम वापरले गेले आणि १९४० मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. धरणाच्या पाण्याखाली शेजारचा पोक्रोव्स्की मठ गेला, तर वरच्या अंगाला कल्याझिन शहराचा मोठा भाग बुडून त्याचा घंटामनोरा तेवढा पाण्याबाहेर उरला. पुढे ‘चायका’ (कुरव पक्षी) या मनगटी घड्याळांमुळे आणि लोणी-चीजविषयक संशोधन संस्थेमुळे शहराचे नाव सोव्हिएत घराघरांत पोहोचले. घड्याळांचा कारखाना सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खालावला. आता उन्हाळ्यात मॉस्कोकडून येणाऱ्या प्रवासी बोटींवर येथील अर्थकारणाचा बराच भार आहे.