निळं लोखंड
मँचेस्टर आणि यॉर्कच्या संग्रहालयांत वाफेच्या इंजिनांची एकोणिसाव्या शतकातली ड्रॉइंग जपून ठेवली आहेत. ती पाहताना आधी नजरेत भरतात ते जलरंग, आणि लगेच प्रश्न पडतो: लोखंड निळं का?

तो निळा रंग म्हणजे धातूचं नाव. घडीव लोखंडाला प्रशियन ब्लू हा गडद निळा, बिडाला करडा, पोलादाला जांभळट, पितळेला पिवळा, तांब्याला लालसर. कारखान्यागणिक छटा थोड्या बदलत, पण इंजिनाचा उभा छेद, म्हणजे मधोमध कापल्यासारखं दृश्य, समोर आला की कोणता भाग कशाचा, हे कारागिराला एक अक्षर न वाचता कळे.

काम चिकाटीचं होतं. जाड कागद ओला करून कडा फळ्याला डिंकाने चिकटवायच्या. वाळला की तो ताणून बसे. रेघा चिनी शाईच्या, कारण ती वाळल्यावर रंगाच्या पाण्याने फुटत नाही. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, ४५ अंशांत येतो असं धरायचं. मग बॉयलरवर फिकट रंगाचे हात एकावर एक चढवायचे आणि चकाकीची पट्टी कोरी सोडायची. बाजूच्या दृश्यात खोली दिसतच नाही. बॉयलर गोल आहे हे सांगणारी ती छायाच. मला या चित्रांतली सर्वांत सुंदर जागा तीच वाटते.

ही पद्धत रेल्वेच्या आधीची. वाफेची यंत्रं बनवणाऱ्या बोल्टन आणि वॉट यांच्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यातली ड्रॉइंगही अशीच रंगवलेली आहेत. रेल्वे इंजिनांच्या बाबतीत मात्र चार्ल्स बेयरचं नाव घ्यायलाच हवं. सॅक्सनीतल्या विणकराचा हा मुलगा १८३४ मध्ये मँचेस्टरच्या शार्प, रॉबर्ट्स कंपनीत ड्राफ्ट्समन, म्हणजे ड्रॉइंग काढणारा, म्हणून लागला आणि १८५४ मध्ये रिचर्ड पीकॉकसोबत स्वतःच्या कारखान्याचा मालक झाला. हातातल्या ब्रशने माणूस एवढा पुढे जाऊ शकत होता.

जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ब्ल्यूप्रिंटची, म्हणजे उजेडाच्या मदतीने निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची प्रत काढायची, प्रक्रिया शोधली. कारखान्यांत ती रुळली काही दशकांनी. पारदर्शक कापडावरच्या ड्रॉइंगच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या, पण त्यांत उतरत फक्त रेघा. पांढऱ्या रेघांमागचा तो निळा रंगही रसायनाने प्रशियन ब्लूच, पण आता तो साऱ्या कागदावर सारखाच पसरलेला. धातू ओळखायला मग तिरप्या रेघांच्या जाळ्या आल्या.